विसरभोळ्या गोकुळाची बाजू

गेल्या हिवाळ्यात येथील मराठी मंडळींच्या एका सभेत ‘शिस्त हाच संस्कार’ या विषयावर व्याख्यान झाले. व्याख्याते बाहेरगावचे, वयाने व अनुभवाने वडील, आणि वाणी अशी रसाळ की, मागल्या रांगेतली मुलेही चुळबूळ विसरली. त्यांचा नामनिर्देश येथे करीत नाही. कारण माझे भांडण त्यांच्याशी नसून त्यांनी ज्या मतास वाचा दिली त्या मताशी आहे, आणि ते मत काही त्यांच्या एकट्याचे नाही. परप्रांती येऊन स्थायिक झालेल्या आपल्या समाजात तर ते घरोघर पूजेस बसलेले आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. नियमितपणा नसणे हा इच्छाशक्तीचा दोष आहे. कोणतीही चांगली सवय एकवीस दिवसांत लागते. आणि हल्ली मुलांना व मोठ्या माणसांनाही ‘एडीएचडी’ नावाचे जे दुखणे होते ते आमच्या वेळी नव्हते. आमच्या वेळी त्यास आळस म्हणत, व त्यावरील औषध घरोघर फुकट मिळे. हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांनी उजव्या हाताने छडी मारल्याचा अभिनय केला. सभागृह हसले. माझ्या शेजारी बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगीही हसली, आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

त्या सभेस मी स्वतः पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचलो होतो, हे प्रारंभीच सांगून टाकतो; म्हणजे प्रतिपक्षास तो शोध लावण्याचे श्रम पडणार नाहीत.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. पदवीधर आहे. बिऱ्हाड विजय नगरात, अहिंसा चौकापासून चालत दहा मिनिटांवर. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, कार्यालयातून उशिराबद्दलचे दुसरे ज्ञापन हाती पडल्यानंतर, पत्नीच्या आग्रहास्तव नागपूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रक्त-लघवी तपासली नाही. ‘शाळेतली जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवली आहेत का?’ असे विचारले. या विकाराची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असली पाहिजेत, असा दंडक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत घातला आहे. तत्पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती. आईने ट्रंकेच्या तळातून प्रगतिपुस्तके काढून दिली. दुसरीपासून सातवीपर्यंत शिक्षक बदलले, शाई बदलली, शेरा बदलला नाही: मुलगा हुशार आहे, पण लक्ष नसते. शेरे हिंदीत होते. त्यांचा मराठी अनुवाद घरी रोज होत असे, आणि तो मुळाहून पुष्कळच कडक असे. वेंधळा, धांदरट, बेशिस्त, कशाचे म्हणून सोयरसुतक नसलेला. हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो.

या विकाराचे नाव मुळातच फसवे आहे. अवधानाचा अभाव असे म्हटल्यावर ऐकणाऱ्यास वाटते की, या माणसापाशी अवधान नावाची वस्तूच कमी असावी. वस्तुतः ती कधीकधी नको तितकी असते. तिचा लगाम तेवढा हाती नसतो. जुन्या रेल्वे वेळापत्रकाची एक प्रत हाती लागली म्हणून मी रात्री दोन वाजेपर्यंत ती वाचीत बसलो आहे, आणि त्याच वेळी माझ्यापासून पाच पावलांवर विजेचे देयक मुदत टळून पडलेले आहे. ते दिसत नाही असे नव्हे. दिसते, लाज वाटते, उठावे असे मनापासून वाटते, आणि उठणे घडत नाही. इच्छा व कृती यांच्यामध्ये इतरांच्या घरी एक उंबरठा असतो. आमच्या घरी तेथे नाला आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के धरतात. छडीने आनुवंशिकता बदलते असे अद्याप कोणी दाखविलेले नाही.

हे दुखणे ‘आमच्या वेळी नव्हते’ या विधानाचाही एकदा हिशेब करावयास हवा. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधान व त्याचे विकार यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. १९०२ साली लंडनच्या वैद्यकमंडळापुढे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली व बुद्धीने धड असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. म्हणजे व्याख्यात्यांच्या आजोबांच्या वेळीही हे होते. मात्र येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्टिल यांनी या अवस्थेस जे नाव दिले त्याचा अर्थ ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असा होतो. वैद्यकशास्त्राचाही आरंभ नीतीच्या तराजूनेच झाला, आणि अवधान हा शब्द निदानाच्या नावात यावयास १९८० साल उजाडावे लागले. वैद्यांना ही चूक सुधारावयास सुमारे ऐंशी वर्षे लागली. आपल्या सभागृहांनी त्याहून अधिक घेऊ नयेत, एवढेच मागणे आहे.

आता ते एकवीस दिवस. हा आकडा कोठून आला? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन शल्यविशारद होते. चेहऱ्याची ठेवण सुधारण्याच्या शस्त्रक्रिया ते करीत. रुग्णास आपल्या नव्या नाकाची ओळख पटावयास किमान एकवीस दिवस लागतात असे त्यांना आढळले, व ते त्यांनी १९६० सालच्या आपल्या पुस्तकात नमूद केले. पुढे या विधानातील ‘किमान’ गळाले, नाक गळाले, आणि उरलेला आकडा जगभरच्या उपदेशकांनी वाटून घेतला. सवयीची प्रत्यक्ष मोजदाद लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली: जेवणाबरोबर फळ खाणे, पेलाभर पाणी पिणे, जेवणापूर्वी थोडे धावणे. ती आपोआप घडू लागावयास कोणास १८ दिवस लागले तर कोणास २५४; मध्यावरचा आकडा ६६ निघाला. (२५४ हा आकडा गणिताने पुढे ताणून काढलेला आहे, कारण निरीक्षण ८४ दिवसांचेच होते.) आणि हे सारे सर्वसाधारण माणसांविषयी. पेलाभर पाण्याची ही कथा, तर पहाटे उठून व्यायाम, स्नान, वाचन व वेळेवर कार्यालय ही सारी चळत एकवीस दिवसांत अंगवळणी पाडू पाहणाऱ्याची काय कथा!

अंगवळणी पडणे हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मोठा नेमका आहे. सवय मनाला नव्हे, अंगाला लागते. एकच कृती, एकाच जागी, एकाच खुणेमागून पुनःपुन्हा घडली की पुढे ती खूण दिसताच अंग आपले आपण वळते. मनास विचारावे लागत नाही. परंतु त्या अवस्थेस पोहोचेपर्यंत पुनरावृत्ती टिकवून धरावयास जे लागते ते हुकमी अवधानच, आणि तेच तर आमच्यापाशी नाही. पाणी काढावयास दोर हवा, आणि दोर विहिरीच्या तळाशी! काठावरून ‘इच्छाशक्ती वापरा’ असे ओरडणाऱ्यास ही विहीर दिसतच नाही.

आपल्या रंगभूमीला हा माणूस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकातला गोकुळ कोणाच्या स्मरणात नाही? नाटक न वाचलेल्या घरांतूनही ‘विसरभोळा गोकुळ’ हे विशेषण आजतागायत नांदते आहे. माझ्या तर ते वाट्यासच आले होते. बिचारा लक्षात राहावे म्हणून उपरण्याला गाठी मारतो आणि गाठ कशासाठी मारली तेच विसरतो. शंभर वर्षे आपण त्यास हसत आलो. मीही पोट धरून हसलो आहे, गडकऱ्यांच्या विनोदापुढे कोणाची मात्रा चालणार? पण अलीकडे मला त्या गाठींविषयी निराळेच वाटू लागले आहे. गोकुळ आळशी नव्हता. विसरू नये याची त्याच्याइतकी खटपट त्या नाटकात दुसरे कोण करते? आपल्या डोक्यावर विसंबून चालणार नाही हे त्यास पक्के कळले होते, आणि आठवण डोक्याबाहेर कोठेतरी बांधून ठेवली पाहिजे हेही कळले होते. कल्पना अगदी बरोबर होती. चूक झाली ती गाठीच्या जागेत. उपरण्याची गाठ ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगते. काय, कोठे व केव्हा हे सांगत नाही. गाठ टपालपेटीच्या वाटेवर, पत्रालाच बांधावयास हवी होती.

हेच शास्त्रीय परिभाषेत पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडले. ‘मी नियमित होईन’ असा संकल्प करणाऱ्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवणाऱ्याच्या हातून काम अधिक होते. कारण आठवण ठेवण्याचे ओझे मनावरून उतरून त्या ‘अमुक’वर जाते. पुढे २००८ साली कॅटरिना गाव्रिलोव व त्यांनी मिळून अवधानविकार असलेल्या मुलांवर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतही अशा ‘जर-तर’च्या बेतांनी मुलांस स्वतःला आवरणे सोपे गेल्याचे दिसले. रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तर गेली कित्येक वर्षे सांगत आहेत की, या माणसांस काय करावे हे ठाऊक असते, ठाऊक असलेले त्या क्षणी करणे जमत नाही. म्हणून साहाय्य हवे ते त्या क्षणी व त्या जागी. तेव्हा व्याख्यानांतून आम्हांस काय करावे ते पुनःपुन्हा सांगणे म्हणजे आंधळ्यास आरसा भेट देण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल की, असल्या बाहेरच्या टेकूंवर उभा राहिलेला नियमितपणा तो काय नियमितपणा? खरा तो आतून यावयास हवा. या आक्षेपाचे उत्तर मला आमच्या घरातच मिळाले.

माझे वडील येथील एका संरक्षण कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरीस होते. जबलपूर हे कारखान्यांचे गाव. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली उभा राहिला, खमरियाचा दुसऱ्या महायुद्धात, वाहनांचा १९६९ साली. या गावच्या कित्येक पिढ्यांचे दिवस भोंग्याने उगवले व भोंग्यानेच मावळले. वडिलांची सायकल पावणेसात म्हणजे पावणेसातास फाटकाबाहेर पडत असे, आणि त्यांचे उदाहरण माझ्या पुढ्यात रोज जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जाई. ते सेवानिवृत्त झाले. सहा महिन्यांच्या आत त्यांचे उठणे आठावर गेले. स्नान कधी अकरास तर कधी दोनास. वर्तमानपत्र चार-चार दिवसांचे साठू लागले. आई म्हणाली, ‘यांना काय झाले आहे कोण जाणे.’ काही झाले नव्हते. भोंगा तेवढा थांबला होता. पस्तीस वर्षे आम्ही ज्यास त्यांचे चारित्र्य समजत होतो त्याचा निम्मा भाग कारखान्याच्या छपरावर बसविलेला होता.

आणि उरलेला निम्मा? तो स्वयंपाकघरात होता. पावणेसातास सायकल निघे, कारण साडेचारास आई उठे. डबा भरलेला, सदरा खुंटीवर, धोतर-पंचा न्हाणीघराच्या दारावर, सायकलीची किल्ली हातात. वडिलांना आयुष्यात एकदाही ‘माझा रुमाल कोठे आहे’ असे शोधावे लागले नाही, आणि यास आम्ही त्यांचा व्यवस्थितपणा म्हणत असू. मराठी मध्यमवर्गातील ज्या कर्त्या पुरुषांच्या नियमितपणाच्या कथा आपण मुलांना सांगतो त्यांतील कितींच्या मागे अशी एक साडेचारास उठणारी बाई उभी होती, याचा शोध एखाद्या विद्वानाने अवश्य घ्यावा. मला तो माझ्यापुरता घ्यावा लागला. कारण निदानापूर्वी माझेही सारे टेकू म्हणजे माझी पत्नीच होती. ती स्वतः नोकरी करते. ‘अहो, किल्ली. अहो, चष्मा. अहो, साडेआठ झाले,’ हा जप तिने सात वर्षे केला. तिला रागावण्याचा अधिकार होता. रागावण्याचीही उसंत नव्हती. आणि ज्या स्त्रीलाच हा विकार असेल तिच्यामागे कोण उभे राहते? तिला तर घराचाच भोंगा व्हावे लागते.

ज्या सरकारची मी चाकरी करतो त्याचाच दाखला आता देतो. केंद्र सरकारच्या कचेरीत कोणत्याही कारकुनाच्या स्मरणशक्तीवर तसूभरही विश्वास ठेवीत नाहीत. आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो, गेलेला जावकमध्ये. नस्ती एका मेजावरून दुसऱ्यावर गेली की तिची नोंद होते. उत्तर न आल्यास स्मरणपत्र केव्हा पाठवावयाचे याची वेगळी दैनंदिनी असते, आणि थकलेल्या प्रकरणांचे विवरण दर आठवड्यास वर जाते. आता ई-ऑफिस आले, तेव्हा हेच सारे पडद्यावर झाले. एवढे मोठे राज्ययंत्र आपले स्मरण डोक्याबाहेर कागदावर बांधून ठेवते, आणि त्यामुळे भारत सरकारच्या इच्छाशक्तीत काही खोट आहे असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मी मात्र घरच्या दारावर ‘गॅस, किल्ली, डबा, कागद’ अशी चार शब्दांची पाटी लावली तर पाहुणे हसतात.

मौज अशी की, याच कचेरीत माणसाच्या उशिरासाठी मात्र एकच उपाय आहे, तो शिक्षेचा. नियम सर्वांस ठाऊक आहे: उशीर झाला की अर्धी किरकोळ रजा कापली जाते, तासाभरापर्यंतचा उशीर महिन्यातून दोनदा, कारण पटल्यास, माफ करता येतो. किरकोळ रजा वर्षाला आठ. म्हणजे सोळा सकाळी. ज्या वर्षी माझ्या त्या सोळा सकाळी श्रावणापूर्वीच संपल्या, त्या वर्षी मुलीच्या आजारपणात अर्जित रजा मागावयास मी वरिष्ठांपुढे उभा होतो. नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणत नाही. माझ्या न आलेल्या वेळात माझ्या शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याने माझी टिपणी लिहिली आहे व त्याची सायंकाळ त्यात गेली आहे. तो चिडतो ते योग्यच आहे. पण शिक्षेने उशीर कमी झाला का, हा प्रश्नही विचारावयास हवा. पंधरा वर्षे छडी, तीन वर्षे ज्ञापने; फळ सर्वांसमोर आहे. याउलट ज्या अधीक्षकांनी, माझ्या विनंतीवरून, दिवसाचे पहिले काम आदल्या सायंकाळी चिठ्ठीवर लिहून माझ्या मेजावर ठेवावयास प्रारंभ केला, त्यांच्या त्या दोन ओळींनी माझी थकबाकी तीन महिन्यांत निम्म्यावर आली. खर्च: रोज एक चिठोरा.

माझी आजची व्यवस्था सांगण्यासारखी सुंदर नाही. गजराचे घड्याळ पलंगापासून दूर, न्हाणीघराच्या दाराशी, म्हणजे ते बंद करावयास तेथवर जावे लागते आणि गेल्यावर दात घासणे तेवढे सोपे होते. किल्लीसाठी दाराला खिळा. स्कूटरची किल्ली रात्री डब्याच्या रिकाम्या पिशवीत, म्हणजे डबा घेतल्यावाचून फाटकाबाहेर पडताच येऊ नये. देयके दिसतील अशी दोरीवर चिमट्याने लटकलेली. आमच्या बैठकीत वाळत घातलेली देयके पाहून विजय नगरातील शेजाऱ्यांस काय वाटत असेल ते असो. डबा मी स्वतः भरतो. त्यात पुष्कळदा पोहेच असतात. आणि यांतले काहीच अंगवळणी पडलेले नाही, हे कबूल करतो. दीड-दोन महिन्यांनी पाटी भिंतीचाच भाग होते, डोळे तिला ओलांडून जातात, व्यवस्था कोसळते. मग पाटीचा रंग बदलतो, जागा बदलतो. नवेपण संपले की आमचे लक्ष उडते, हे व्यंग खरेच. तेव्हा नवेपणाचाच पुरवठा करीत राहावयाचा. चष्मा लावून कोणाची नजर सुधारत नाही, तो रोज सकाळी लावावाच लागतो. माझ्या नियमितपणाची जात तीच आहे.

यातील सर्वांत घातक गोष्ट कोसळणे ही नव्हे, कोसळल्यानंतरची लाज ही होय. आपल्या संस्कारांत व्रताला खंड पडला की केलेले सारे वाया. सोळा सोमवारांतला एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. या हिशेबाने वाढलेला माणूस एक दिवस चुकताच दैनंदिनी फेकून देतो. मी अशा दैनंदिन्यांची एक थप्पी बाळगून आहे, प्रत्येकीची पहिली अकरा-बारा पाने सुवाच्य अक्षरात भरलेली. लॅली यांच्या त्या मोजणीत तर एखाददुसरा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे एक वाक्य मला शाळेत कोणी सांगितले असते तर! आणि गंमत अशी की, आपल्याच परंपरेत याहून शहाणी एक रीत होती. आजी चातुर्मासात नेम धरीत असे. नेम अगदी लहान, कधी हास्यास्पद वाटावा असा: एखादी भाजी वर्ज्य, किंवा तुळशीपाशी रोज एक दिवा. मुदत चार महिन्यांची, एकवीस दिवसांची नव्हे. चार जणींस सांगून धरलेला. आणि शेवटी उद्यापन, म्हणजे नेम सुटणार हे धरूनच चाललेला. आजीने मानसशास्त्र वाचले नव्हते. पण लहान कृती, ठराविक जागा, सोबत आणि शेवट या चारी गोष्टी तिच्या नेमात होत्या. तिच्या नातवंडांनी त्यातले फक्त कडकपण तेवढे उचलले.

दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे; नाहीतर लेख एकांगी झाल्याचा दोष येईल. मोबाइलवरील चिमुकल्या चित्रफितींतून हल्ली हा विकार म्हणजे एखादे दैवी देणे, प्रतिभेची खूण, असे गाणारे पुष्कळ निघाले आहेत. किल्ली विसरलेला प्रत्येक जण आपले निदान आपणच करून मोकळा होतो. कोणी मेलेल्या कवी-नाटककारांचीही निदाने करतात. या मंडळींनी आमचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे छडीवाल्यांनीही केले नसेल; कारण ‘हे सगळे फॅड आहे’ म्हणणाऱ्यांस आयता पुरावा तेच पुरवितात. मला यात प्रतिभा कोठे दिसली नाही. दंड भरलेली देयके दिसली, चुकलेल्या गाड्या दिसल्या, आणि पत्नीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसली. औषधांविषयीही तसेच. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ सालापासून ज्ञात आहे. आपल्याकडे ते अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येते व डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही, हे योग्यच. मला ते उपयोगी पडते. परंतु ते घेतल्यावर खिळा आपोआप भिंतीत जात नाही. खिळा ठोकण्याचे सुचले तर ते हातून घडते, एवढेच.

मग आमचे मागणे काय? क्षमा मागत नाही, कौतुक तर नकोच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मोजतो. (आमच्या नशिबी सर्वत्र एकवीसच!) त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे; या विकाराचे नाव नाही. ते घालावे की नाही यावर जाणत्यांनी वाद करावा. पण शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात आजचा गृहपाठ लिहून ठेवावयास, कचेरीत चिठोऱ्यावर दोन ओळी लिहावयास कोणता कायदा आड येतो? माझ्या मुलीच्या वहीवर गेल्या महिन्यात शेरा आला. आता शाळा इंग्रजी आहे, शाई लाल आहे. अर्थ तोच, ‘पण’सकट. ती माझ्यासारखी उड्या मारीत नाही. शांत बसते, खिडकीबाहेर पाहते, आणि अशा शांत मुली वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातच येत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. वडिलांनी शेरा वाचला, चष्मा काढला, आणि तिला म्हणाले, ‘अगं, तुझ्या बाबालाही हेच लिहून येत असे. लक्ष देत जा.’ यात मायाच होती. पण तिने मान खाली घातली, आणि ती मान मी ओळखली.

तेच व्याख्याते येत्या वर्षी पुन्हा येणार आहेत असे कानावर आले आहे. मी मुलीस घेऊन जाणार आहे. वेळेवर पोहोचण्याची व्यवस्था केली आहे, हमी देत नाही. प्रश्नोत्तरास अवकाश मिळाल्यास त्यांस दोनच गोष्टी विचारावयाच्या आहेत: ते सकाळी कोणाच्या हाकेने उठतात, आणि त्यांचा डबा कोण भरते.